कोंबड्या पाळून शहर वसतं का?

गेल्या गणपतीत शिकागोच्या एका उपनगरात, एका ओळखीच्या घरी आरती झाली, पानं मांडली आणि बोलणं रस्त्याच्या नावावर आलं. मिशिगन सरोवराच्या काठाकाठाने जाणारा लेक शोर ड्राइव्ह इथल्या प्रत्येक मराठी घराच्या ओळखीचा. भारतातून कुणी आलं की आधी त्या रस्त्याने फिरवून आणायचं, हा रिवाजच झाला आहे. 25 जून 2021 रोजी शहराच्या सिटी कौन्सिलने 33 विरुद्ध 15 मतांनी त्या नावाच्या आधी ज्याँ बाप्तिस्त पॉइंट डुसाबल हे नाव जोडलं. पाटी वाचली की अजूनही कुणीतरी कुरकुरतं. त्या दिवशी एक ज्येष्ठ काका म्हणाले, "अरे, तो माणूस घरदार आणि चव्वेचाळीस कोंबड्या विकून निघून गेला. कोंबड्या पाळून कुणी शहर वसवतं का?" त्यावर कॉलेजात शिकणारी एक मुलगी उसळून म्हणाली, की निबिड रानात एकट्याने शहर उभं करणारा तो पहिला कृष्णवर्णीय महापुरुष होता आणि गोऱ्यांनी त्याचं श्रेय चोरलं. तिसऱ्याने दोघांनाही थांबवलं. जमीन मुळात आदिवासींची, तेव्हा संस्थापक वगैरे काही नसतं, सगळेच घुसखोर, असं त्याचं म्हणणं. वाद तिथेच संपला, कारण वाढप सुरू झालं.

मला तिघांचंही पटलं नाही. शहराच्या वर्तमानपत्रांत आणि सभांत हाच वाद अनेक वर्षं याच तीन सुरांत चालत आला आहे, म्हणून लिहावंसं वाटलं. माझं म्हणणं असं: डुसाबल शिकागोचा संस्थापक आहे. तो तिथे सर्वांत आधी पोचला म्हणून नव्हे, आणि एकट्याने तर मुळीच नव्हे. काकांनी ज्या कोंबड्यांची गोष्ट काढली, त्याच त्याच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा आहेत.

आधी माणूस कोण ते पाहू. डुसाबल आफ्रिकी वंशाचा, फ्रेंच बोलणारा, कॅथलिक व्यापारी. जन्म हैतीतला, ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, पण तिला कागदाचा आधार नाही. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना मिशिलिमॅकिनॅकच्या ब्रिटिश ठाण्यावरचा अधिकारी आरेंट द पेस्टर याने 1779 च्या संदर्भात त्याचं वर्णन केलं आहे: देखणा, चांगला शिकलेला, शिकागोत वस्ती करून राहिलेला, पण फ्रेंचांकडे ओढा असलेला काळा माणूस. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, आज इंडियाना राज्यात मोडणाऱ्या मिशिगन सिटीजवळ, ब्रिटिशांनी त्याला संशयावरून पकडलं. पुढच्याच वर्षी त्याच ब्रिटिशांनी सेंट क्लेअर नदीकाठची 'पायनरी' नावाची मालमत्ता त्याच्या हाती सोपवली आणि 1784 पर्यंत तो ती सांभाळत होता. कैदी म्हणून आणलेल्या माणसाकडे कारभार देण्याइतका विश्वास शत्रूला वाटावा, यातच त्याची कर्तबगारी दिसते. 27 ऑक्टोबर 1788 रोजी काहोकियाच्या चर्चमध्ये पोटावाटोमी जमातीतल्या किटिहावाशी त्याचं लग्न लागलं. बाप्तिस्म्यानंतर तिचं नाव कॅथरीन. त्यांना दोन मुलं, ज्याँ आणि सुझान. शिकागो नदी सरोवराला मिळते तिथे, नदीच्या उत्तर काठावर, हे कुटुंब राहत होतं. आज मिशिगन अव्हेन्यूच्या पुलाचं उत्तरेकडचं टोक आहे, तीच जागा.

10 मे 1790 रोजी ह्यू हेवर्ड नावाचा प्रवासी डेट्रॉइटकडून इलिनॉय नदीकडे जाताना इथे थांबला. त्याच्या रोजनिशीत साधा व्यवहार नोंदलेला आहे: डुसाबलकडून त्याने पीठ, पाव आणि डुकराचं मांस घेतलं आणि बदल्यात सुती कापड दिलं. मला ही नोंद शिकागोच्या इतिहासातल्या कुठल्याही सनदेपेक्षा मोलाची वाटते. फरचा, म्हणजे केसाळ कातड्यांचा व्यापारी आला की काय करतो? मोसम असेपर्यंत थांबतो, बीव्हरची कातडी गोळा करतो, गठ्ठे बांधतो आणि निघतो. त्याला विकायला पीठ नसतं. पीठ असायला गहू लागतो, गव्हाला नांगरलेलं रान लागतं, रानाजवळ पुढच्या हंगामापर्यंत राहणारं माणूस लागतं, आणि गहू दळायला जातं किंवा गिरणी लागते. अनोळखी वाटसरूला जिथे दळलेलं पीठ विकत मिळतं, तिथे मुक्काम संपून गाव सुरू झालेलं असतं. योगायोग म्हणा, पण हेच शहर पुढे धान्य आणि डुकराचं मांस या दोन मालांवर जगभर गाजलं. 1848 मध्ये धान्यबाजाराचं बोर्ड ऑफ ट्रेड निघालं, 1865 मध्ये गुराढोरांचं युनियन स्टॉक यार्ड. हे सगळं डुसाबलमुळे झालं, असा दावा मी करणार नाही. पण हेवर्डच्या रोजनिशीतल्या व्यवहारात नेमके हेच दोन माल आहेत, हे मला विसरता येत नाही.

आता त्या कोंबड्या. 7 मे 1800 रोजी डुसाबलने आपली मालमत्ता ज्याँ ला लीम याला 6,000 लिव्रना (लिव्र हे जुनं फ्रेंच चलन) विकली. त्याचं खरेदीखत डेट्रॉइटच्या दफ्तरात पडून होतं. विसाव्या शतकात इतिहासकार मिलो क्वेफ यांनी ते उजेडात आणलं, तोवर डुसाबल म्हणजे झोपडीत राहणारा कुणी भटका, अशीच समजूत होती. यादी वाचली की ती समजूत टिकत नाही. 40 फूट लांब, 22 फूट रुंद घर. दोन मोठी कोठारं. घोड्याने फिरवायची गिरणी. पाव भाजण्याची वेगळी खोली, मांस धुरवण्याची खोली, दूधदुभत्याची खोली, खुराडं. 30 गुरं, 38 डुकरं, 2 खेचरं, 44 कोंबड्या. नांगर, कोयते, विळे. घरात अक्रोडाच्या लाकडाचं, काचेच्या दारांचं कपाट, आरसे, भिंतीवर चित्रं. आपल्याकडे कुणबी वाड्याची वाटणी होताना जशी यादी निघेल तशी ही यादी आहे. ती करणाऱ्या माणसाने आणि त्याच्या बायकोने ही जागा कायमची समजली होती. भिंतीला चित्र लावणारं माणूस उद्या निघणार असतं का? आणि जिला तुम्ही नुसती हसण्यावारी नेता, ती कोंबडी तर सर्वांत घरकोंबडं जनावर. गुरं हाकत नेता येतात, घोडा कुठेही जातो. कोंबड्यांना खुराडं लागतं, संध्याकाळी दार लावणारा हात लागतो.

पण विरोधकांचे मुद्दे पोकळ नाहीत. पहिला मुद्दा पुराव्याचा आणि पहिलेपणाचा. द पेस्टरचं वर्णन छापलं गेलं 1813 मध्ये, घटनेनंतर तीस-चौतीस वर्षांनी, त्यामुळे 1779 लाच डुसाबल शिकागोत कायमचा राहत होता असं त्यावरून ठामपणे म्हणता येत नाही. पक्की तारीख 1790 चीच. त्याच्या आधी तिथे कुणी आलंच नव्हतं, असंही नाही. मार्केट आणि जॉलिए 1673 मध्ये याच वाटेने गेले होते. 1696 मध्ये फ्रेंच पाद्री पिने याने इथे मिशन थाटलं होतं, ते चार-पाच वर्षांत बंद पडलं. नदीच्या उत्तर फाट्यावर गारी नावाच्या व्यापाऱ्याचं ठाणं डुसाबलच्या आधी होतं, असंही जुन्या आठवणींत येतं. हे सगळं मी मान्य करतो. आणि मान्य करून विचारतो: संस्थापक म्हणजे पहिला, हे ठरवलं कुणी? पुण्याचा उल्लेख आठव्या शतकातल्या राष्ट्रकूट ताम्रपटांत आहे. तरी उजाड झालेल्या पुण्यात जिजाऊंनी बाल शिवाजीच्या हातून सोन्याचा नांगर फिरवला, असं परंपरा सांगते तेव्हा 'त्याआधी इथे वस्ती होती' म्हणून कुणी हरकत घेतं का? खडकी हे खेडं मलिक अंबरच्या आधीही होतंच. पण 1610 च्या सुमारास त्याने तिथे राजधानी वसवली, डोंगरातलं पाणी भूमिगत नहरीने शहरात खेळवलं, आणि म्हणून ते शहर त्याचं. अंबरही आफ्रिकेतूनच आलेला, इथिओपियात जन्मून गुलाम म्हणून विकला गेलेला. त्या शहराला पुढे फत्तेनगर, औरंगाबाद, छत्रपती संभाजीनगर अशी नावं मिळत गेली. नावांवरून आपल्याकडे घमासान वाद झाले, पण त्या वादांत नहर खोदणाऱ्याची आठवण किती जणांनी काढली? आपल्या भाषेत 'गाव सापडलं' असं आपण म्हणत नाही, 'गाव वसवलं' म्हणतो. सापडायला पहिलं असावं लागतं. वसवायला राहावं लागतं, पाणी आणावं लागतं, दळण व्हावं लागतं.

दुसरा मुद्दा काकांचा: तो निघून गेला. 1800 मध्ये विक्री, 1803 मध्ये नदीपलीकडे फोर्ट डिअरबॉर्न हा अमेरिकी लष्कराचा किल्ला, 12 ऑगस्ट 1833 रोजी टाउन म्हणून नोंदणी, 4 मार्च 1837 रोजी शहराची सनद. या सगळ्यात डुसाबल नाही. शिवाय शहर घडवलं भूगोलाने, असंही जाणकार सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. शिकागो नदीपासून डेस प्लेन्स नदीपर्यंतची दलदलीची छोटी वाट ओलांडली की सरोवरांचं पाणी सोडून मिसिसिपीच्या पाण्यात होडी घालता येते. उत्तर अमेरिकेतल्या दोन अजस्र जलमार्गांना जोडणारी ही एक खिंड. 1848 मध्ये तिथे कालवा झाला, त्याच वर्षी पहिली रेल्वे धावली, आणि मग शहराला कोण थांबवणार? डुसाबल नसता तरी शिकागो झालं असतं.

झालं असतं. पण याच न्यायाने मुंबईच्या बंदराला आणि न्यूयॉर्कच्या खाडीलाही संस्थापक नाही. खिंड हजारो वर्षं तिथे होती. तिचं महत्त्व कळणं ही एक गोष्ट, तिथे गहू पेरून राहणं ही दुसरी. आणि निघून जाण्याचं म्हणाल, तर फिलाडेल्फियाचा संस्थापक विल्यम पेन याच्याविषयी कुणालाच शंका नाही. 1682 ते 1684 आणि 1699 ते 1701 या दोन खेपा मिळून तो आपल्या पेन्सिल्व्हेनियात चार वर्षंही राहिला नाही. 1718 मध्ये वारला तोही इंग्लंडमध्ये. डुसाबल शिकागोत त्याच्या दुपटीहून जास्त राहिला, तिथे त्याचा संसार फुलला, तिथेच 8 ऑक्टोबर 1796 रोजी त्याची नात युलालिया जन्मली. मग पेन संस्थापक आणि डुसाबल मात्र वाटसरू, हे कशाच्या जोरावर? पेनकडे राजाची सनद होती, एवढ्याच जोरावर. म्हणजे शहर कागदाने वसतं, असं मानायचं. तसं असेल तर तसं उघड म्हणावं. 'तो निघून गेला' हे कारण पुढे करू नये.

कागदाचं मी अमान्य करत नाही, कागदानेच तर जॉन किन्झीचं प्रकरण उघडं पडतं. शंभरेक वर्षं शिकागोचा जनक म्हणून ज्याचं नाव घेतलं गेलं तो हा किन्झी, 1804 मध्ये इथे राहायला आला आणि डुसाबलने बांधलेल्याच घरात राहिला. 1856 मध्ये त्याच्या सुनेने लिहिलेल्या पुस्तकात सासऱ्याचं कुटुंब शहराच्या उगमाशी उभं राहिलं आणि डुसाबलला ओझरती जागा मिळाली. जुन्या चित्रांखाली त्या घराचं नाव 'किन्झीचं घर' असंच छापलेलं असतं. आणि 1800 च्या खरेदीखतावर साक्षीदार म्हणून सही कुणाची? जॉन किन्झीची. घर कुणी बांधलं, गिरणी कुणाची, कोठारं कुणाची, हे त्याला ठाऊक होतं आणि त्या कागदाखाली त्याने सही केली होती. 1812 मध्ये याच किन्झीच्या हातून ला लीमचा खून झाला, शिकागोत नोंद झालेला पहिला खून. मी किन्झीला खलनायक करू पाहत नाही, सरहद्दीवरची माणसं तशीच राकट होती. पण साक्षीदाराला मालकाच्या जागी बसवणाऱ्या शहराने, 1968 मध्ये डुसाबलला अधिकृतपणे संस्थापक म्हणून मान्यता दिली तेव्हा कुणावर उपकार केले नाहीत. जुनी चूक दुरुस्त केली, इतकंच.

आता तिसऱ्याचा मुद्दा, पंगतीत जो कुणी नीट ऐकूनच घेतला नाही. तोच सर्वांत वजनदार आहे. पोटावाटोमी स्वतःला बोडेवाडमी म्हणवतात, आणि त्याचा अर्थ 'आग राखणारे' असा सांगतात. शिकागो हे नावसुद्धा मूळ रहिवाशांच्या भाषेतलं, नदीकाठी उगवणाऱ्या रानकांद्याचं. आपल्याकडे महसुली दफ्तरात वस्ती उरली नाही अशा गावापुढे 'बेचिराख' लिहीत. बे-चिराग, म्हणजे जिथे दिवा लागत नाही असं. ओसाड गावाला कौल देऊन, सारा माफ करून रयत आणून बसवायची, ही आपली वसवण्याची पद्धत. अमेरिकेतल्या सरहद्दीच्या सगळ्या वीरकथांचा पाया असा, की तो मुलूख बेचिराख होता. तो नव्हता. तिथे शेकडो चुली पेटत होत्या, मक्याची शेतं होती, वाटा ठरलेल्या होत्या. दिवे जळत असताना गाव बेचिराख म्हणून नोंदवायचं आणि मग आपणच पहिला दिवा लावला म्हणून मिरवायचं, हा तो अन्याय. डुसाबलला 'निबिड रानातला पहिला' म्हणणारी ती मुलगी नकळत तीच नोंद पुन्हा लिहीत होती. तिचा राग खरा आहे, पण साचा जुनाच आहे. फक्त त्यातला माणूस बदलला.

व्यापाऱ्यांनीच पुढच्या विस्थापनाची वाट मोकळी केली, हेही खरं आहे. उधारीवर माल, उधारीवर दारू, आणि शेवटी जमीन देऊन फेड. 1795 च्या ग्रीनव्हिल करारात शिकागो नदीच्या मुखाशी सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद जमीन अमेरिकेने लिहून घेतली. 26 सप्टेंबर 1833 च्या शिकागो कराराने पोटावाटोमी, ओजिब्वे आणि ओडावांची उरलेली सुमारे 50 लाख एकर जमीन गेली. त्या करारातली मोठी रक्कम व्यापाऱ्यांनी सांगितलेल्या येण्यांपोटी आणि वशिल्याच्या माणसांना वाटली गेली, त्यात किन्झीची मुलंही होती. 1835 च्या ऑगस्टमध्ये सुमारे 800 पोटावाटोमी शिकागोच्या रस्त्यांतून शेवटचं नाचत गेले आणि पश्चिमेला निघाले. मग व्यापारी डुसाबल या साखळीतली पहिली कडी नव्हे का?

हा प्रश्न टाळून डुसाबलचा गौरव करणं अप्रामाणिकपणाचं होईल. पण उत्तर द्यायचं तर त्याचं आयुष्य पाहावं लागतं, नुसता धंदा नव्हे. तो लष्कर घेऊन आला नाही. सनद घेऊन आला नाही. तो जावई म्हणून आला. मूळ रहिवाशांच्या मुलखात परक्याला राहायचं तर नातं जोडावं लागे. मराठी गावाच्या भाषेत सांगायचं तर तो उपरी होता, आणि सोयरिकीने गावात घेतला गेला. त्याच्या काळात त्या नदीमुखावरून एकाही पोटावाटोमी कुटुंबाला हुसकावलं गेलं नाही. किल्ला, मोजणीदार आणि जमिनीचे सट्टेबाज त्याच्यानंतर आले. इथे खरा भेद आहे, आणि 'सगळेच घुसखोर' म्हणणारा तो पुसून टाकतो. परवानगीने येऊन राहणारा आणि करारावर सही करायला लावून हाकलणारा, या दोघांना एकाच शब्दात बसवलं तर हाकलणाऱ्याचीच सोय होते. दोष सगळ्यांवर वाटला गेला की कुणाच्याच वाट्याला फारसा येत नाही.

आणि परवानगी होती याचा अर्थ परवानगी देणारं कुणीतरी होतं. ती किटिहावा. तिचं माहेर, तिची भाषा, तिचे भाऊबंद नसते तर त्या काठावर डुसाबलची एक रात्र सुखाने गेली नसती. दुभाषाचं काम, कातडी कमावणं, मका, रानातलं औषध, कुठल्या टोळीशी कसं बोलायचं याचं शहाणपण, अशा सोयरिकींत हे सगळं बायकांच्या हाती असे. त्या 44 कोंबड्यांचं खुराडं संध्याकाळी कोण लावत असेल? खरेदीखतावर नाव नवऱ्याचं, कारण खरेदीखतं तशीच लिहिली जातात. आपल्या सातबाऱ्यावर तरी निराळं काय आहे? रस्त्याच्या पाटीवर तिचं नाव नाही. ते नसणं मला नामांतराच्या विरोधकांच्या सगळ्या कुरकुरीपेक्षा जास्त खटकतं. शिकागोला दोन संस्थापक आहेत, आणि त्यातली एक त्या मातीची लेक होती.

निघून जाण्याच्या युक्तिवादाकडे पुन्हा यावं लागतं, कारण तो फक्त डुसाबलवरच चालवला गेला नाही. शिकागोचा सरोवरकाठ बराचसा भरावाचा आहे, पाण्यात माती लोटून केलेला. ज्या रस्त्यावरून आपण पाहुण्यांना फिरवतो तो बहुतांशी त्याच भरावावर आहे. 1914 मध्ये पोकागॉन पोटावाटोमींनी दावा लावला. आम्ही करारांत जमीन दिली ती किनाऱ्यापर्यंत, सरोवराचं पाणी कधी दिलंच नाही, तेव्हा त्यात भर घालून केलेली जमीन आमची, असं त्यांचं म्हणणं. 1917 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावा फेटाळला. कारण काय, तर तुमचा होता तो फक्त वहिवाटीचा हक्क, आणि तुम्ही वहिवाट सोडून गेलात. शिकागोच्या पश्चिमेला शॅबने या पोटावाटोमी प्रमुखासाठी 1829 च्या करारात 1,280 एकर राखून ठेवले होते. तो कॅन्ससला आपल्या माणसांना भेटायला गेला, आणि 1849 मध्ये सरकारने जमीन सोडून दिली असं समजून तिचा लिलाव केला. तो निघून गेला, म्हणून हक्क संपला. ज्यांना हाकललं त्यांनाच 'तुम्ही गेलात' म्हणायचं, आणि पंगतीत बसून डुसाबलला 'तो विकून गेला' म्हणायचं, यात तर्क एकच आहे. राहायला मिळालं त्याचा इतिहास, जावं लागलं त्याचा नाही. आपण मराठी माणसंसुद्धा इथे येऊन राहिलेलीच आहोत, आणि गावाकडे आपलीही घरं कुलूप लावलेली आहेत. कुलूप आहे म्हणून त्या गावाच्या घडणीतला आपल्या आजोबांचा वाटा कुणी पुसला तर आपल्याला चालेल का?

या बाजूला थोडंसं घडलं आहे, तेही सांगायला हवं. 2024 च्या एप्रिलमध्ये शॅबनेच्या त्या राखीव जमिनीपैकी सुमारे 130 एकर प्रेअरी बँड पोटावाटोमींच्या नावे केंद्र सरकारने विश्वस्त म्हणून धरली. इलिनॉय राज्यात सरकारमान्य आदिवासी राष्ट्राची भूमी पुन्हा अस्तित्वात आली ती त्या दिवशी. त्यासाठी कुणाचा पुतळा पाडावा लागला नाही, कुणाचं घर गेलं नाही. जुना करार वाचून त्यातलं वचन पाळायला सुरुवात झाली.

म्हणून नामांतराचं मी स्वागत करतो, पण ते पुरेसं मानत नाही. डुसाबलच्या भक्तांनाही मला सांगायचं आहे, की पुलाजवळचा त्याचा अर्धपुतळा आणि पुस्तकांतलं त्याचं चित्र, दोन्ही कल्पनेतली आहेत. त्याच्या हयातीतलं एकही चित्र उपलब्ध नाही. त्याला भव्य करायची गरजही नाही. 1987 मध्ये महापौर हॅरल्ड वॉशिंग्टन यांनी नदीच्या मुखाशी, त्याच्या घराच्या जवळच, डुसाबलच्या नावाने उद्यान जाहीर केलं. ती तीनेक एकरांची जागा पुढे दशकानुदशकं तशीच पडून राहिली. रस्त्याला नाव देताना विरोधक म्हणत होते, की त्यापेक्षा ते उद्यान पुरं करा. ही सूचना चांगली होती, फक्त ती तीस-पस्तीस वर्षं कुणाला आठवली नव्हती. त्या उद्यानात मला पुतळा नको. 1800 च्या खरेदीखतातली यादी दगडावर कोरावी, गिरणी, कोठारं, गुरं, कोंबड्या सगळं. वर किटिहावाचं नाव तिच्या लोकांच्या भाषेत असावं, आणि त्या शिळेवर काय लिहायचं ते ठरवायला पोटावाटोमींना बोलवावं. शेजारी थोडी जमीन नांगरून दरसाल गहू पेरावा, नाहीतर रानकांदा लावावा.

डुसाबल शिकागोहून मिझुरी नदीकाठच्या सेंट चार्ल्सला गेला, तेव्हा तो मुलूख स्पेनचा होता. उतारवयात त्याच्याकडे फारसं काही उरलं नाही. 1813 मध्ये त्याने आपलं तिथलं घर आणि गुरंढोरं नातीच्या, युलालियाच्या नावे करून दिली. बदल्यात तिने त्याचा सांभाळ करायचा आणि मेल्यावर कॅथलिक स्मशानभूमीत पुरायचं, एवढीच अट. 28 ऑगस्ट 1818 रोजी तो वारला. दफनाच्या नोंदीत त्याच्या आईबापांचं, बायकोचं, मुलांचं नाव नाही आणि शिकागोचाही उल्लेख नाही. त्याचा शेवट सांभाळण्याची जबाबदारी ज्या नातीवर होती, ती नदीकाठच्या त्या 40 फुटी घराच्या दिवसांत शिकागोत जन्मली होती.